सावली काळी नसते



दर वेळी मी तुमच्याशी बचत, कर्जफेड, शेळीपालन, पापड-मसाल्याचे दर यांवर बोलते. आज मात्र एका चित्रावर बोलणार आहे. रेडिओवर चित्र दिसत नाही, म्हणून मी सांगते तसं ते डोळ्यांपुढे आणा.

आमच्या एका गटाच्या रजिस्टरला सचिव ताईंनी जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेच्या पानाचं कव्हर घातलं आहे. पानावर एका बागेचं चित्र. उन्हात न्हालेली पांढरी भिंत, मोठ्या मातीच्या कुंड्यांमध्ये संत्र्याची की लिंबाची झाडं, दगडी पायवाट आणि पायवाटेवर पडलेली जांभळी सावली. कडेच्या बाकावर एक बाई बसलेली, दोन्ही हात मांडीवर. खाली लिहिलंय, इटलीतली बाग. चित्रकाराचं नाव कव्हर घालताना कात्रीत गेलं.

फेब्रुवारीत आमची बैठक एका सदस्य ताईच्या संत्र्याच्या बागेत होती. मोर्शी-वरुडकडच्या बायांना सांगायला नको, मृग बहाराची फळं तेव्हा झाडावर असतात. रजिस्टर मधे ठेवलेलं होतं. सह्या करता करता बायांचं लक्ष त्या चित्राकडे गेलं आणि तीन प्रश्न निघाले.

पहिली म्हणाली, "सावली कुठं जांभयी असते का व? रंग चुकला त्याचा."

दुसरी जवळून पाहून म्हणाली, "हे तं सारं ठिपक्याठिपक्याईचंच हाय. लांबून चांगलं दिसते, जवळून काहीच नाही दिसत."

आणि आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकू म्हणाल्या, "हे बाई बसून काय करून राह्यली? हिचं काम कोन करते?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला थोडी माहीत होती. बी.ए.ला असताना कलेच्या इतिहासाची दोन-चार पुस्तकं हाती लागली होती, तेव्हापासून ही आवड आहे. तिसऱ्या प्रश्नाने मात्र मला गप्प केलं. आज या तिन्ही प्रश्नांवर बोलू.

आधी सावली. माझं माहेर अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे संत्र्याची बाग नाही, झाडंही विरळ. घरात कापसाचा ढीग मात्र दरसाल पाहिलेला. दुपारी दारातून ऊन आत आलं की अर्धा ढीग लख्ख उजळायचा आणि अर्धा सावलीत राहायचा. लहानपणी मला तो सावलीतला कापूस निळसर दिसायचा. आईला सांगितलं तर ती म्हणायची, "निळ सांडली असंन." निळ काही सांडलेली नव्हती. उन्हाचा उजेड पिवळसर असतो. सावलीत ऊन पोचत नाही, पण आभाळाचा निळा उजेड पोचतो. म्हणून पांढऱ्या वस्तूवरची सावली नीट पाहिली तर निळसर, कधी जांभळट दिसते. तुम्हीही करून पाहा. स्वच्छ आभाळाच्या दिवशी पांढरं धोतर तारेवर वाळत घाला आणि त्याच्या अर्ध्या भागावर सावली पडू द्या. पाच मिनिटं टक लावून पाहा.

हे युरोपातल्या चित्रकारांना समजायला फार उशीर झाला, कारण ते खोलीत बसून चित्रं काढत. खोलीत सावली काळी-तपकिरी दिसते, म्हणून बागेचं चित्र काढलं तरी तिथली सावली ते काळी-तपकिरीच रंगवत. बाहेर जाऊन रंगवणं अवघडही होतं. तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे. ती पिशवी फुटायची, रंग सुकून जायचा. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्यासाठी पत्र्याची नळी शोधून काढली. आज आपण दात घासायला जी पेस्ट घेतो, तिच्या नळीसारखीच. झाकण लावा, खिशात टाका, कुठेही जा. तोवर आगगाडीही आली होती. चित्रकार नदीकाठी, शेतात, बागेत जाऊन बसू लागले. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी १८७४ साली पॅरिसमध्ये अशा उघड्यावरच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. लोक हसले. पण सावली काळी नसते, हे त्या चित्रांनी दाखवून दिलं. या पद्धतीला मराठीत दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. म्हणजे डोळ्याला त्या क्षणी जसं दिसलं तसं रंगवायचं.

उत्तर युरोपात ऊन कमी. थंडी, पाऊस, धुकं. त्यामुळे तिकडचे चित्रकार उन्हाच्या शोधात फ्रान्सच्या दक्षिणेला आणि इटलीला जात. आपल्या रजिस्टरवरची बाग अशाच कुणा ऊन शोधत गेलेल्या माणसाने काढली असणार. हे सांगितल्यावर बैठकीत हशा पिकला. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि कुणी पैसे खर्चून ऊन पाहायला जातं! हा हशा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता ठिपके. याची सुरुवात चित्रकाराकडून झाली नाही, रंगाऱ्याकडून झाली. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा भिंतीवर टांगायची चित्रमय कापडं विणण्याचा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगशाळेचा प्रमुख शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ होता. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो, रंग नीट बसत नाही. शेव्रलने रंग तपासला, तर तो ठीक निघाला. दोष शेजाऱ्याचा होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की तोच काळा मरगळलेला दिसे. रंग कसा दिसेल हे त्याच्या शेजारी कोणता रंग आहे यावर ठरतं, हे त्याने शोधून काढलं आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? दुकानात आपण झंपराचं कापड नुसतं पाहून घेत नाही, पातळावर ठेवून पाहतो. गोधडी शिवताना लाल तुकड्याशेजारी हिरवा लावला की दोन्ही उठून दिसतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. संत्र्याचा रंग सगळ्यात पेटतो तो निळ्याशेजारी. निळ्या क्रेटमध्ये भरलेली संत्री पाहा, म्हणजे पटेल.

शेव्रलचं हे ज्ञान वापरलं जॉर्ज सरा या तरुण फ्रेंच चित्रकाराने. त्याचा विचार असा, की रंग थाळीत कालवले की मळतात. त्याऐवजी शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवले, तर लांबून पाहणाऱ्याचा डोळाच ते कालवेल आणि रंग उजळ राहील. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत आपण ठिपके रेषेने जोडतो. सराच्या चित्रात जोडणारी रेषा नाही, जोडायचं काम पाहणाऱ्याकडे दिलेलं आहे. खोटं वाटत असेल तर मोबाईलच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवून त्यातून पाहा. लाल, हिरवे, निळे कण दिसतील. आपण रोज जे फोटो पाहतो ते अशाच कणांचे असतात.

सराने १८८४ ते १८८६ या काळात एक प्रचंड चित्र केलं. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. पॅरिसजवळच्या नदीतलं एक बेट, तिथली बाग, रविवारची दुपार. छत्र्या घेतलेल्या बायका, गवतावर बसलेली माणसं, पांढऱ्या फ्रॉकमधली एक छोटी मुलगी, कुत्री, एक माकडसुद्धा. पुढे गार सावली, मागे झळझळीत ऊन, आणि हे सगळं ठिपक्यांनी भरलेलं. आज ते शिकागोच्या कला संग्रहालयात आहे. १८९३ साली स्वामी विवेकानंदांचं ते प्रसिद्ध भाषण झालं, तीच ही इमारत. सरा मात्र ३१व्या वर्षी, १८९१ मध्ये वारला.

सरा, व्हॅन गॉग, गोगँ, सेझान हे चौघे मोनेच्या पद्धतीपुढे गेलेले. चौघांचे रस्ते वेगवेगळे, आणि लोकांनी त्यांना पुरतं मानायच्या आधीच चौघेही गेले. १९१० साली लंडनमध्ये रॉजर फ्राय या कलासमीक्षकाने त्यांच्या आणि त्यांच्या जवळच्या चित्रकारांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा या मंडळींना एक नाव मिळालं. मराठीत आपण त्याला उत्तर दृक्‌प्रत्ययवाद म्हणतो. नाव जड आहे. अर्थ एवढाच, की मोनेच्या नंतर आलेले, ज्यांनी नुसतं दिसतं तसं न रंगवता रंगाला स्वतःच्या विचाराने मांडलं.

त्याच १९१० साली, ऑगस्ट महिन्यात, इंदूरच्या एका मराठी घरात एक मुलगा जन्मला. नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान, आपल्या अहिल्यामाईंच्या घराण्याचं. तिथे मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर नावाचे चित्रकलेचे गुरुजी होते. ते मुलांना वर्गात कोंडून ठेवत नसत. घाटावर, बाजारात, झाडाखाली नेऊन बसवत आणि ऊन कसं पडतं ते पाहायला लावत. बेंद्रे त्यांचे विद्यार्थी.

पंढरपूरला जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन हेही तिथलेच. इंदुरात उघड्यावर चित्र काढताना बेंद्र्यांची आणि आपली भेट झाली, आणि या मुलाला चित्रकार होऊ द्या असं आपल्या वडिलांना बेंद्र्यांनीच पटवलं, अशी आठवण हुसेन सांगत. मोठ्या माणसाने घरी येऊन बापाजवळ एक शब्द टाकला की मुलाचं आयुष्य कसं बदलतं, ते पाहा. आपल्या गावात मुलीच्या शिक्षणासाठी असा शब्द टाकायला किती जण जातात?

बेंद्र्यांनी पुढे मुंबईची कलेची पदविका घेतली, काही काळ काश्मीरमध्ये पर्यटन खात्यासाठी चित्रकार-पत्रकार म्हणून काम केलं, शांतिनिकेतनात राहून आले, १९४७-४८ मध्ये अमेरिका-युरोप फिरले. १९५० साली बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला, तेव्हा चित्रकलेचं शिक्षण उभं करायला ते तिथे गेले आणि १९६६ पर्यंत शिकवत राहिले. १९५५ मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर ते मुंबईला आले.

मुंबईत, वयाच्या साठीच्या पुढे, बेंद्र्यांनी ठिपके हाती घेतले. पॅरिसची बाग नाही, छत्र्यांच्या मडमा नाहीत. ठिपक्यांनी त्यांनी रंगवल्या आपल्यासारख्या बाया. पाणी भरणाऱ्या, गाई-गुरांसोबतच्या, लेकराला घेऊन बसलेल्या, एकमेकींशी बोलत बसलेल्या. कडेला झाड, अंगावर ऊन, आणि ते सगळं शेकडो-हजारो रंगकणांतून थरथरणारं. फ्रान्समधल्या रविवारच्या बागेसाठी शोधलेली पद्धत या मराठी माणसाने खेड्यातल्या बाईला दिली. १९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९९२ सालीच ते गेले.

इथवर बैठकीत सगळ्या खूश होत्या. आपल्यासारख्या बाईचं चित्र, ठिपक्यांचं, मोठ्या संग्रहालयात! मीही खुशीत होते. तेव्हा काकूंनी पुन्हा तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "ते समदं बरं हाय माय. पन उन्ह गोड त्यालेच लागते ज्याले उन्हातून उठून जाता येते."

मला माझी आई आठवली. एप्रिलमध्ये ती दुसऱ्याच्या वावरात धसकटं वेचायला जायची. एका दुपारी धुऱ्यावर चक्कर येऊन पडली. सोबतच्या बायांनी ओली ओढणी डोक्यावर टाकली, कांदा फोडून नाकाला लावला, पाणी पाजलं. संध्याकाळी ती स्वतः चालत घरी आली आणि चुलीपुढे बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अंगणात सडा टाकून पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढली, जशी रोज काढायची. मग पुन्हा त्याच वावरात. तिचा ठिपका कधी इकडचा तिकडे झाला नाही. पण ती रांगोळी दुपारपर्यंत कोंबड्यांनी आणि पायांनी पुसली जायची, आणि त्या रांगोळीचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरातल्या कुणीच केलं नाही. मीही नाही.

काकूंचा प्रश्न खरा आहे. सराने त्या बागेच्या आधी, १८८४ साली, आणखी एक मोठं चित्र केलं होतं. नदीकाठी विसावा घेणारे कामगार. मागे कारखान्यांची धुराडी दिसतात. गरीब माणसाच्या विसाव्याचं इतकं मोठं चित्र काढणं त्या काळी धाडसच होतं. पण त्या काठावर विसावलेले सगळे पुरुष आणि पोरं आहेत. त्यांच्या बायका कुठे आहेत? कदाचित धुणं धूत असतील, कदाचित चुलीपुढे असतील. त्यांना कुणी काठावर बसवलं नाही.

म्हणून मला दुसरी एक रेघ सांगायची आहे. ती पॅरिसमधून निघून आपल्या विदर्भातल्या एका खेड्यात येते.

अमृता शेर-गिल हिचा जन्म १९१३ चा, बुडापेस्टचा. वडील पंजाबी, आई हंगेरियन. लहानपणी आई तिला काही महिने इटलीत फ्लॉरेन्सलाही घेऊन गेली होती. पुढे ती पॅरिसला शिकली आणि तिथे तिला गोगँ आणि सेझान भेटले, म्हणजे त्यांची चित्रं भेटली. गोगँचे ठिपके नव्हते. तो रंगाचे मोठे सपाट पट्टे लावायचा, जसं आपण भिंत सारवतो तसे. १९३४ मध्ये अमृता भारतात परतली. पुढच्याच वर्षी तिने तीन मुलींचं चित्र काढलं. तिघी बसलेल्या, रंगीत कपड्यांत, पण चेहरे गंभीर, कुणीतरी आपलं नशीब ठरवतंय आणि आपण वाट पाहतोय अशा. १९३७ मध्ये या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. याच सुमारास ती अजिंठ्याला गेली. अजिंठा म्हणजे आपल्या बुलढाण्याच्या पलीकडेच. तिथल्या भिंतींवरच्या चित्रांनी तिला हलवलं आणि तिची चित्रं बदलली. १९४१ मध्ये लाहोरला, अवघ्या २८व्या वर्षी, ती वारली.

अमृता श्रीमंत घरची होती. तिला नोकर होते, शिक्षक होते, पॅरिस होतं. पण तिला आदर्श मानणारी पुढची मुलगी आपली होती. नागपूर जिल्ह्यातल्या बेला गावात १९३३ साली जन्मलेली प्रभा. नागपूरच्या कलाशाळेत ती शिकली आणि मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गेली. त्या काळात आपल्याकडच्या खेड्यातल्या मुलीने चित्रकला शिकायला मुंबई गाठायची, याचा विचार करा. आज तुमच्या मुलीने म्हटलं की मला चित्रकार व्हायचं आहे, तर घरात काय होईल?

शिकत असतानाच प्रभाचं प्रदर्शन लागलं आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी तिची तीन चित्रं विकत घेतली. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं. पुढे बी. प्रभा या नावाने ती देशभर ओळखली गेली. एअर इंडियाच्या संग्रहात तिची चित्रं गेली.

ती काय रंगवायची? बाया. डोक्यावर टोपली घेतलेल्या, मासे विकणाऱ्या, लेकरू कडेवर घेतलेल्या, बसून राहिलेल्या. उंच, सडपातळ, लांब मानेच्या. मागे एकाच रंगाचा मोठा विस्तार, आणि चेहऱ्यावर हसू नाही. दुष्काळ, भूक, बेघर होणं हे तिचे विषय. बाईच्या वाट्याला येणारं दुःख रंगवायचं, हे तिने ठरवून घेतलं होतं आणि तसं ती सांगायचीही.

बेंद्र्यांच्या चित्रांत खेड्यातली बाई उन्हात उजळून निघते. ती बसलेली आहे, बोलते आहे, तिला घटकाभर मोकळीक आहे. बी. प्रभाच्या चित्रांतली बाई बसली तरी दमलेली वाटते. मला वाटतं दोन्ही खरं आहे. एकाने पाहिलं की ही बाईसुद्धा बागेतल्या मडमेइतकीच उजेडात बसायच्या लायकीची आहे. दुसरीने पाहिलं की तिला अजून तसं बसायला मिळालेलं नाही. ही दुसरी जिथून आली तिथून आपण आलो आहोत. म्हणून काकूंचा जो प्रश्न, तोच मला तिच्या चित्रांतही दिसतो.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बसलेल्या बाईचं नाव काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. आळशी. बिनकामाची. पारावर माणूस बसला तर तो विसावा घेतो, बाई बसली तर ती गप्पा हाणते. गटाच्या बैठकीला येतानासुद्धा आपण हातात काहीतरी घेऊन येतो, तुरीच्या शेंगा सोलायला, वाती वळायला. मोकळे हात मांडीवर ठेवून बसायची आपल्याला लाज वाटते. त्या इटलीच्या बागेतल्या बाईकडे पाहून काकूंना राग आला, त्याचं कारण मला आता समजतं. तिचे हात मोकळे होते.

पण कलेचा हा इतिहास मला आणखीही काही सांगतो. सावली निळी असते हे कुणी यंत्राने शोधलं नाही. ज्याला पाहायला वेळ मिळाला त्याने शोधलं. माणसं हजारो वर्षं उन्हात राबली, पण राबणाऱ्याला मान वर करून पाहायची सवड नव्हती, म्हणून ती गोष्ट लिहिली गेली ती सवड असणाऱ्यांच्या नावावर. माझ्या आईने रोज पहाटे ठिपके काढले. तिला कुणी दोन तास बसू दिलं असतं, तर तिने काय पाहिलं असतं, काय काढलं असतं? हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती विचारायला नाही.

तो प्रश्न मी आता इथे विचारते. आपल्या बायांच्या कामाचे तास आपण मोजतो, मजुरी मोजतो, बचत मोजतो. विसावा मोजत नाही. मागच्या महिन्यात आमच्या गटाने ठरवलं, बैठकीतली पहिली दहा मिनिटं कुणी काही सोलायचं नाही, वळायचं नाही, मोबाईल पाहायचा नाही. फक्त बसायचं. पहिल्या बैठकीत सगळ्या अवघडल्या. कुणी पदर सारखा केला, कुणी गवताच्या काड्या तोडल्या.

दुसऱ्या बैठकीला मी एक पांढरा पंचा नेला आणि संत्र्याच्या झाडाखाली अर्धा उन्हात, अर्धा सावलीत अंथरला. सगळ्या भोवती बसल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकू वाकल्या, सावलीतल्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "निय्याच दिसते व खरंच. सत्तर वर्षं झाली, कधी पाह्यलंच नाही."

आणि त्या मांडी घालून तिथेच बसून राहिल्या. हात मांडीवर होते. घरी जायला उशीर झाला, पण त्या दिवशी त्यांना कुणी उठवलं नाही.

या आठवड्यात तुम्हीही पांढरं कापड उन्हात-सावलीत अंथरून पाहा. घरातल्या पोरींना सोबत घ्या. आणि तुमच्या पोरीने रांगोळी काढली असेल, तर ती पुसायच्या आधी दोन मिनिटं तिच्याजवळ उभ्या राहा, काय काढलं ते तिला विचारा.

पुढच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोलू. नमस्कार.